ग्रीसच्या बेटाला जावे कधी?



व्याख्यानमालेचे चिटणीस आमच्याकडे आले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही बोनसवर बोलावे, नाहीतर नव्या कामगार संहितांवर बोलावे. आम्ही विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. कारखान्याच्या फाटकाबाहेर सभा घेण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने ग्रीसच्या बेटावर जाण्याचा मुहूर्त सांगावा हे त्यांना विपरीत वाटले. पण सुटी हा आमचाच विषय आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती 1890 साली. त्याआधी सुटी म्हणजे काय हे त्या माणसांना आजारपणातच कळत असे. सुटीसाठी भांडणाऱ्याने ती कशी घालवावी याविषयी चार शब्द बोलले तर बिघडले कुठे?

आम्ही 2025 च्या मे महिन्यात सेरिफोस नावाच्या बेटावर सहा दिवस होतो. मुलाने हट्टाने पाठविले, सौभाग्यवती बरोबर होत्या. परत आल्यापासून ओळखीची माणसे एकच प्रश्न विचारतात, 'तिकडे जायचे तर कधी जावे?' या प्रश्नाला सहल कंपन्यांच्या छापील पत्रकात एका ओळीचे उत्तर असते. आमच्या मते ते उत्तर अपुरे आहे. का, तेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम वाऱ्याचे बोलू, कारण त्या समुद्रावर वाराच राज्य करतो. ग्रीसच्या पूर्वेला एजियन समुद्र आहे आणि त्याच्या मध्यावर किक्लाडेस नावाचा बेटांचा पुंजका आहे. सांतोरिनी, मिकोनोस, सिरोस, तिनोस आणि आमचे सेरिफोस ही सारी त्यातलीच. या भागात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून कोरडा, जोरकस वारा सुटतो. हल्लीचे लोक त्याला मेल्तेमी म्हणतात, प्राचीन ग्रीक त्याला एतेसियन म्हणत, म्हणजे दरवर्षी न चुकता येणारा. आभाळ स्वच्छ निळे, ढगाचा ठिपका नाही, आणि वारा असा की मेजावरचा कागद हातात धरून बसावे लागते. तो एकदा लागला की कित्येक दिवस थांबत नाही. बोफोर्टच्या मापाने सात-आठपर्यंत गेला की बंदर खाते बोटी अडवते. वेगवान छोट्या बोटी त्याआधीच बंद होतात. आथेन्सचा वक्ता डेमोस्थेनिस आपल्या नागरिकांना बजावीत असे की, मॅसिडोनियाचा राजा फिलिप मुद्दाम हे वारे किंवा हिवाळा गाठून चाल करतो, कारण त्या वेळी आपल्या गलबतांना उत्तरेकडे जाता येत नाही. म्हणजे बेटांवर जाण्याची वेळ निवडणे हा तिकडे तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वी राजकारणाचा प्रश्न होता.

आता या वाऱ्याचा आणि आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे आणि तो नुसता कवितेतला नाही. उन्हाळ्यात वायव्य हिंदुस्थान आणि पाकिस्तानच्या तापलेल्या भूमीवर हवेचा दाब उतरतो. हा कमी दाबाचा पट्टा इराण, इराकवरून थेट तुर्कस्तानापर्यंत पसरतो. पलीकडे बाल्कन देशांवर दाब जास्त. या दोहोंच्या मधल्या उतारावरून जो वारा धावतो तोच मेल्तेमी. शिवाय 1996 साली रॉडवेल आणि हॉस्किन्स या दोन हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, आपल्या पावसाळ्यात वर उसळलेल्या हवेच्या परिणामी भूमध्य समुद्राच्या पूर्व भागावर हवा खाली बसते, म्हणून तिथे ढगच धरत नाहीत. आषाढात सह्याद्रीवर धो धो कोसळतो आणि त्याच वेळी एजियनवर महिनामहिना थेंब पडत नाही, ही एकाच यंत्राची दोन टोके आहेत. आम्ही शाळा फारशी पाहिली नाही, हे सारे पुस्तके वाचून जमविले. पण हे समजले त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही हे खरे. आपल्या कार्ल्याच्या लेण्यात यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. इजिप्तहून निघणारे ग्रीक-रोमी व्यापारी जुलैच्या सुमारास निघून मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागत. ते लोक पंचांग पाहत नसतील, पण वारा पाहत होते.

तेव्हा जुलै-ऑगस्टविरुद्ध पहिला मुद्दा वाऱ्याचा. दुसरा उन्हाचा. विदर्भातला श्रोता येथे हसेल. चव्वेचाळीस अंशांत राबणारा माणूस तिशीच्या तापमानाला काय भिणार! बेटांवर वाऱ्यामुळे पारा फार चढत नाही हेही खरे. पण तिथे सावली नाही. उघडा खडक, वर सूर्य, आणि वाऱ्यामुळे घाम जागच्या जागी वाळतो, म्हणून शरीरातले पाणी किती गेले ते कळत नाही. जून 2024 मध्ये उष्णतेच्या लाटेत ग्रीसच्या बेटांवर पायी फिरावयास गेलेली अनेक माणसे दगावली. त्यांत मायकेल मोस्ली हा इंग्रज डॉक्टर होता. लोकांना आरोग्याचे धडे देण्यात त्याचे नाव गाजलेले होते. सिमी बेटावर तो एकटाच चालत निघाला, तो परतलाच नाही. त्याआधी जुलै 2023 मध्ये ऱ्होड्स बेटावर वणवा पेटला आणि सुमारे 19,000 माणसांना हलवावे लागले. एक गोष्ट मात्र तिथल्या सरकारच्या बाजूने सांगितली पाहिजे. गेल्या काही वर्षांत अशा लाटा आल्या की त्यांचे कामगार खाते दुपारी बारा ते पाच उघड्यावरचे कष्टाचे काम सक्तीने बंद ठेवावयास सांगते. बांधकामावरचा मजूर आणि घरोघर जेवण पोचविणारा पोऱ्या, दोघांनाही ते लागू. आपल्याकडे उन्हात डांबर ओतणाऱ्यांची आठवण आम्हाला तिथे झाली. ते असो.

तिसरा मुद्दा गर्दीचा. 15 ऑगस्टला मेरीमातेच्या निर्वाणाचा सण असतो आणि त्या आठवड्यात सारे आथेन्स ओस पडून बेटांवर येते. तिनोस बेटावर तर त्या दिवशी मोठी यात्रा भरते. बंदरापासून देवळापर्यंत चढ आहे, तो कित्येक बायका गुडघ्यांवर रांगत चढून जातात. ज्याने पंढरपूरला लोटांगण घालीत जाणारी माणसे पाहिली आहेत त्याला त्यात परके काही वाटणार नाही. याच तिनोसच्या बंदरात 1940 सालच्या 15 ऑगस्टला, ऐन यात्रेच्या दिवशी, इटलीच्या पाणबुडीने एल्ली नावाची ग्रीक युद्धनौका बुडविली. ज्यांना यात्राच पाहावयाची आहे त्यांनी तो दिवस अवश्य साधावा. आषाढीला पंढरपुरास जाणारा काही गर्दीची तक्रार करीत नाही. पण ज्याला निवांत समुद्रकाठी बसावयाचे आहे त्याने ते दहा-बारा दिवस टाळावेत.

सांतोरिनीची गोष्ट आणखी निराळी आहे. वीस हजारांच्या आतबाहेर वस्तीचे बेट, आणि वर्षाकाठी येणारे पाहुणे तीस लाखांच्या वर. मोठमोठ्या सहलबोटी सकाळी नांगर टाकतात, हजारो माणसे वर चढतात, सूर्यास्ताचे छायाचित्र घेतात आणि रात्री निघून जातात. शेवटी 2025 पासून दिवसाला 8,000 सहलबोट-प्रवासी अशी मर्यादा घालावी लागली, आणि त्या वर्षीच्या जुलैपासून भर हंगामात सांतोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या अशा प्रत्येक प्रवाशावर वीस युरोंचा कर बसला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सांतोरिनीला भूकंपाचे धक्क्यांवर धक्के बसले आणि दहा हजारांहून अधिक माणसे बेट सोडून गेली. त्यांत हॉटेलांची डागडुजी करणारे मजूर पुष्कळ होते. पाहुण्यांच्या छायाचित्रांत ते कधीच नसतात.

मग हिवाळ्यात जावे काय? भाडी उतरतात, रस्ते रिकामे असतात. पण पाऊस हिवाळ्यातलाच, बोटी थोड्या, वादळाने त्याही अडकतात. आणि लहान बेटांवर तर खाणावळीच बंद. दारे लावलेल्या गावातून फिरण्यात मौज किती? याला एक चांगला अपवाद आहे, तो सिरोस बेटाचा. त्याची राजधानी एर्मूपोली हे पाहुण्यांच्या जिवावर जगणारे गाव नाही. 1820 च्या दशकात स्वातंत्र्ययुद्धात खिओस आणि प्सारा बेटांवरून पळून आलेल्या निर्वासितांनी ते वसविले. एके काळी ते ग्रीसचे पहिल्या प्रतीचे बंदर होते. 1861 साली तिथे जहाजांचा कारखाना निघाला. आजही सरकारी कचेऱ्या, शाळा, बाजार बाराही महिने चालू असतात. आमच्या दृष्टीने त्या गावाचा मान आणखी एका कारणाने मोठा आहे. जहाज बांधणारे आणि कातडी कमावणारे कामगार तिथे 1879 साली संपावर गेले. ग्रीसच्या पहिल्यावहिल्या संपांत त्याची गणना होते. आपल्याकडे नागपूरच्या एम्प्रेस मिलमधला संप 1877 चा. दोन वर्षांचे अंतर! त्या दोन गावांतल्या माणसांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल.

आता राहिले दोन काळ: एप्रिल-मे, आणि सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. जाणकार हेच दोन सुचवितात, आणि आम्हालाही ते मान्य आहे. मेमध्ये डोंगर हिरवे असतात, खडकांच्या फटीफटीतून रानफुले उमललेली, हवा आपल्या महाबळेश्वरसारखी. पण समुद्राचे पाणी गार. आम्ही घोट्यापर्यंत पाय घातले आणि कृष्णामाईचे नाव घेऊन बाहेर आलो. सप्टेंबरात उलट आहे. डोंगर करपून पिवळे झालेले, पण उन्हाळाभर तापलेले पाणी कोमट असते, वारा पडलेला असतो, द्राक्षे आणि अंजिरे खावयास मिळतात. आपल्याकडच्या लोकांची अडचण अशी की मुलांच्या शाळांना सुटी मेमध्ये, म्हणून बहुतेक मेच गाठतात. त्यांनी ग्रीकांचा ईस्टर पाहून ठेवावा. तो दरवर्षी सरकतो आणि बहुधा इतर युरोपच्या ईस्टरशी जुळत नाही. 2026 साली 12 एप्रिल, 2027 साली 2 मे. मध्यरात्री अंधारात हजारो मेणबत्त्या एकमेकींवरून पेटत जातात. कोर्फूमध्ये तर आदल्या दिवशी सकाळी लोक खिडक्यांतून मोठमोठे मातीचे घडे रस्त्यावर फेकून फोडतात. त्या आठवड्यात बोटी भरलेल्या असतात खऱ्या, पण हे पाहण्यासाठी थोडी चेंगराचेंगरी सोसावी.

आणि एक दिवस मात्र कोणीही निवडू नये. तो आम्ही निवडला. आम्ही मोठ्या हौसेने बेत केला की पिरेअस बंदरातून बोट पकडून सेरिफोसला पाय ठेवावयाचा तो 1 मे रोजी, कामगार दिनी. सकाळी सामान घेऊन धक्क्यावर गेलो तो सगळ्या बोटी दोरखंडांनी बांधलेल्या, शिडी एकीचीही खाली नाही. ग्रीसच्या खलाशांचा त्या दिवशी चोवीस तासांचा संप! कामगार दिनाला तिथे बोटी सुटत नाहीत, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या अडविल्या त्याची बोट अखेर संपाने अडली. सौभाग्यवती पेटीवर बसून इतक्या हसल्या की शेजारचे लोक वळून पाहू लागले. आम्ही काय बोलणार? सामान परत खोलीवर टाकले आणि आथेन्समध्ये मोर्चा पाहावयास गेलो.

दुसऱ्या दिवशी सेरिफोस. लहानसे बेट, बाराशे-चौदाशे वस्ती. आम्ही जिथे उतरलो होतो तिथे खोल्या झाडण्यासाठी एक बाई येत असे, चाळिशीची. तिला मोडके इंग्रजी येत होते, आम्हालाही मोडकेच येते, त्यामुळे बोलणे चांगले जमले. तिला आम्ही विचारले, या बेटावर यावयास उत्तम काळ कोणता? ती हसली आणि म्हणाली, 'तुमच्यासाठी की माझ्यासाठी?'

प्रश्न असा उलटवला गेला तेव्हा आमच्या ध्यानात आले की आपण इतके दिवस अर्धाच हिशेब मांडीत होतो. तिचा हंगाम ईस्टरच्या सुमारास सुरू होतो आणि ऑक्टोबरात संपतो. बाकीचे महिने काम नाही. सरकारी बेकारभत्ता आहे, पण तो मिळण्यासाठी हंगामात ठराविक दिवसांची विमा-हजेरी भरलेली असली पाहिजे, आणि मिळतो तोही जेमतेम तीन महिने. साखर कारखान्याच्या भागातून आलेल्या श्रोत्यांना हे समजावून सांगावयास नको. गळीत हंगाम लांबला की हंगामी कामगाराच्या घरात दोन पैसे येतात, आखडला की उसनवारी सुरू. आपल्याकडे निदान हंगामी कायम कामगाराला बंद काळात रिटेन्शन भत्ता मिळविता आला, त्यासाठी किती लढावे लागले ते आम्ही पाहिले आहे. तिथे ती बाई बोटांवर दिवस मोजते. ऑगस्टमध्ये तिला आठवड्याची सुटीदेखील धड मिळत नाही, आणि नोव्हेंबरात सुटीच सुटी. सगळे पाहुणे त्या सहा आठवड्यांत कोसळतात म्हणून ही गत. मेच्या आरंभी किंवा ऑक्टोबरात गेलेला पाहुणा तिच्या हजेरीत दिवस घालतो.

मग उत्तर सोपे झाले ना? आम्हालाही क्षणभर तसेच वाटले. तिला तसे सांगितलेही. ती म्हणाली की खरे आहे, पण ऑक्टोबरात माझी पाठ उरलेली नसते, तेव्हा वाटते की आता एकही पाहुणा येऊ नये. लांब हंगाम हवा तर माणसेही पुरेशी हवीत आणि सुटीही हवी. नुसते दिवस वाढवून मालकाचे भले होते. 2025 च्या ऑक्टोबरात ग्रीसच्या संसदेने वर्षातले काही दिवस एकाच मालकाकडे तेरा तास काम करण्याची मुभा देणारा कायदा केला, आणि त्याविरुद्ध देशभर सार्वत्रिक संप झाले. ती बातमी आम्ही इथे घरी वाचली तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे तीच बाई आली.

सेरिफोसला आम्ही मुळात गेलो ते समुद्रस्नानासाठी नव्हे. बेटाच्या नैर्ऋत्येला मेगालो लिवादी नावाची खाडी आहे. तिथे लोखंडाच्या खाणी होत्या. खाणी ग्रोमान नावाच्या मूळ जर्मन घराण्याच्या ताब्यात होत्या. माणसे दरडीखाली मरत होती, कामाच्या तासांना धरबंध नव्हता. 1916 च्या उन्हाळ्यात कामगारांनी संघटना उभारली. तिचा पुढारी कोन्स्तांतिनोस स्पेरास याच बेटाचा मुलगा, वय तेव्हा तेवीस. खनिज भरण्यासाठी जहाज आले, कामगारांनी भरण्याचे नाकारले. पोलीस आणले गेले. 21 ऑगस्टला त्यांनी पाच मिनिटांची मुदत दिली आणि गोळ्या झाडल्या. चार कामगार ठार झाले. मग बायकासुद्धा दगड घेऊन धावल्या, आणि पोलिसांचा अधिकारीही मारला गेला. काही काळ बेट कामगारांच्याच हाती होते. त्यांनी फ्रेंच निशाण उभारून फ्रेंच आरमाराकडे संरक्षण मागितले, ते मिळाले नाही. पुढे आठ तासांचा दिवस मात्र पदरात पडला. 1918 साली ग्रीसचा कामगार महासंघ स्थापन झाला, त्यात स्पेरास होता.

आज तिथे खाणकचेरीची सुंदर कमानदार इमारत पडक्या अवस्थेत उभी आहे. खनिज भरण्याचा लोखंडी सांगाडा पाण्यावर गंजतो आहे. चार जणांचे स्मारक आहे. शेजारी दोन खाणावळी, आणि झाडाखाली मेजे. मेच्या त्या दुपारी तिथे आमच्याखेरीज एक म्हातारा आणि तीन मांजरे होती. वारा नव्हता, ऊन कोवळे होते, डोंगरावर पिवळी फुले होती. सहल कंपनीच्या हिशेबाने याहून उत्तम वेळ नाही, आणि तुम्हा सर्वांना आमचा सल्ला तोच राहील: मे, नाहीतर सप्टेंबरअखेर. व्हिसासाठी सहा महिने आधी अर्ज करता येतो, तो लवकर करावा. 1 मे टाळावा. जमल्यास सांतोरिनीत एक दिवस कमी करून तो सिरोसला द्यावा. खोली झाडणाऱ्या माणसाच्या हाती स्वतः काही ठेवावे, मेजावर ठेवून येऊ नये.

आमचे स्वतःचे विचाराल तर पुन्हा जाण्याची ऐपत होईल की नाही कोण जाणे. पण झालीच, तर आम्ही 21 ऑगस्टला जाऊ. वारा असेल, ऊन असेल, भाडे दुप्पट असेल, खाडीत उभे राहावयास जागा नसेल, आणि आत्ताच सांगितलेले सगळे शहाणपण आमच्याच विरुद्ध जाईल. सौभाग्यवतींना हा बेत सांगितला आहे. त्यांनी एवढेच म्हटले की त्या आठवड्यात पिरेअसहून बोटीत जागा मिळत नाही, तेव्हा तिकीट या खेपेला मार्चमध्येच काढावे, आणि खलाशी त्या दिवशी संपावर नाहीत ना ते आधी विचारून घ्यावे.